साबराच्या बुडाशी

पाटोदा,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. छकुलीस,


तुझं पत्र मिळालं. कासच्या पठारावरचा तुझा फोटो तुझ्या बाबांनी फोनवर मोठा करून दाखवला. गवतात उभं राहिलेलं ते हिरवट-पांढरं, वर काळसर जाळी असलेलं फूल. तू लिहिलंस, ‘आजी, असं फूल आपल्या बीडमध्ये का नसतं? आपल्याकडं नुसते दगड आणि दुष्काळ.’ आणि त्याच पत्राच्या शेवटी लिहिलंस की जुलैत कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं एका ओसाड टेकडीवर झाडं लावणार आहेत. या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या लिहिल्यास. मला त्या एकच वाटल्या, म्हणून फोनवर न बोलता पत्र लिहायला बसले.

तू पाहिलंस ते कंदीलपुष्प. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्यातल्या कितीतरी सह्याद्रीतच उगवतात, जगात दुसरीकडं कुठं नाहीत. पण सगळ्याच जाती घाटमाथ्याच्या पावसात राहणाऱ्या नाहीत. एक जात कमी पावसाच्या, कोरड्या, काटेरी मुलखाची आहे. शास्त्रात ती सेरोपेजिया बल्बोसा. विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1795 साली कोरोमंडलच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. पुस्तकात तिला खर्तुडी किंवा पाताळतुंबडी म्हणतात. आम्ही शेरडं राखणारी पोरं खरपुडी म्हणायचो. तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की असं फूल आपल्याकडं होतं. मी ते बालाघाटाच्या या डोंगरांत पाहिलंय, आणि त्याच्या बुडातला कंद खाल्लाय.

उन्हाळ्यात तिची खूण नसते. कंद जमिनीत निजलेला असतो. दोन-तीन चांगले पाऊस झाले की सुतळीपेक्षा बारीक वेल वर येते आणि शेजारच्या झुडपात शिरते. साबर असेल, हेंकळ असेल, तरवड असेल, नाहीतर सीताफळीचं झुडूप. पानं जाडसर, मांसल. एका वेलीची गोल, तर दुसरीची इतकी अरुंद की वेगळी जात वाटावी. श्रावण-भाद्रपदात फुलं येतात. फूल बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नसतं. खाली फुगीर, मधे नळी, आणि वर पाच अरुंद पाकळ्या टोकाशी जुळून त्यांचं पिंजऱ्यासारखं छत झालेलं. जाळीत मान घालून बघितल्याशिवाय दिसत नाही. माणसं डोंगरावरून रोज जात-येत असली तरी ते बघितलेली माणसं फार थोडी, आणि त्यातली बहुतेक गुराखी आणि धनगर.

आम्हाला मात्र फुलाचं कौतुक नव्हतं, कंदाचं होतं. पानं पिवळी पडायला लागली की टोकदार काठीनं माती उकरायची. चपटा गोल कंद निघायचा. परकराला पुसायचा, साल नखानं सोलायची आणि कच्चाच खायचा. पाणीदार, पहिल्या घासाला किंचित कडवट. माझी आई सांगायची, बारका निघाला तर परत पुरून टाक. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनच्या मिलोची लाल भाकरी चावायची, आणि येता-जाता जुनी माणसं डोंगरातले कंद हुडकायची. तेव्हा या वेलीनं कुणाकुणाच्या पोटाला आधार दिला हे कुठल्या सरकारी कागदावर नसणार. मी मात्र ते डोळ्यांनी पाहिलंय.

आता फुलाचं सांगते, कारण तू विज्ञान शिकतेस आणि मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. हे फूल मध देऊन मधमाशी बोलावत नाही. ते बारीक माशी पकडतं. वरच्या पाकळ्यांच्या फटीतून माशी वासाच्या ओढीनं आत शिरते. नळीची आतली बाजू गुळगुळीत असते आणि तिच्यावर खाली तोंड केलेले केस असतात. त्यामुळं माशी घसरत खाली जाते आणि वर येऊ शकत नाही. खालच्या फुगीर भागात ती अडकून पडते. तिथं धडपडताना तिच्या तोंडाला परागांच्या इवल्या पिशव्या चिमट्यानं लावाव्यात तशा लागतात. रुईच्या फुलात तू मला टाचणीनं काढून दाखवल्या होत्यास ना, तशाच पिशव्या. कारण रुई आणि खरपुडी एकाच कुळातल्या. पुढं नळीतले केस सुकतात, ताठ उभं फूल आडवं होतं, आणि माशी सुटते. मारायचं नसतंच तिला. तिनं त्या पिशव्या घेऊन दुसऱ्या फुलात पुन्हा अडकावं एवढंच हवं असतं.

माशीला वास कशाचा येतो, हा प्रश्न मला शिकवत असतानाही पडायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाबद्दल, सेरोपेजिया सँडरसोनीबद्दल, 2016 साली याचं उत्तर छापून आलं. कोळ्यानं मधमाशी पकडली की जखमी मधमाशीच्या अंगातून एक विशिष्ट वास सुटतो. काही बारीक माश्या त्या वासावर येऊन जखमी मधमाशीचा रस पितात. हे फूल तोच वास तयार करतं. वाचलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. आपली खरपुडी नेमकी कुणाची नक्कल करते, हे कुणी मुलगी आपल्या जिल्ह्यात बसून शोधेल तर किती चांगलं! पण त्यासाठी आधी वेल असायला हवी.

आणि तिचा वंश वाढणं सोपं नाही. पिशवी घेऊन निघालेल्या माशीला जवळपास दुसरी वेल सापडली, तर शेंग धरण्याची आशा. फुलं पुष्कळ येतात, शेंगा फार थोड्या. धरली तर जोडशेंग येते, लांब, बारीक. ती फुटली की रुईसारखंच रेशमी झुपका असलेलं बी वाऱ्यावर जातं. ते खडकावर पडलं तर वाया, रस्त्यावर पडलं तर वाया. झुडपाच्या सावलीत, दगडांच्या सांदीतल्या मातीत पडलं तर रुजणार. डोंगरावर एकच वेल उरली, तर ती वर्षानुवर्षं फुलत राहील, बघणाऱ्याला वाटेल आहे की, आणि तरी तिच्यामागं कुणी नसेल.

आता तू विचारशील, आजी, इथं होती याचा पुरावा काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. नीट ऐक. थिओडोर कुक हे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1901 ते 1908 या काळात भागाभागानं निघाला. महाराष्ट्रातलं कुठलंही रानफूल पूर्वी कुठं होतं हे बघायचं, तर लोक आजही कुक काढतात. पण कुक यांचा ग्रंथ इलाख्याचा. आपलं बीड निजामाच्या राज्यात. सौताड्याला रामेश्वराच्या दरीत पडणारी विंचरणा तशीच पुढं जामखेडकडं वाहत जाते. जामखेड इलाख्यात होतं, पाटोदा निजामाकडं. नदी एक, डोंगर एक, झुडपं एक, पण खालच्या अंगाचं कुक यांच्या कक्षेत आलं आणि वरच्या अंगाचं राहिलं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला, 1956 ला मुंबई राज्यात आला, 1958 ला औरंगाबादेत विद्यापीठ झालं. त्या विद्यापीठातल्या प्रा. व्ही. एन. नाईक यांनी आधी उस्मानाबादच्या वनस्पती लिहून काढल्या, ते पुस्तक 1979 ला आलं, आणि मग सगळ्या मराठवाड्याच्या, त्याचे दोन खंड 1998 ला. एका माणसानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तालुके पालथे घालून केलेलं हे काम आहे. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर हातात घेऊन बघ.

पण विचार कर, पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या टेकडीवरून फूल गेलं तर शंभर वर्षांपूर्वीची नोंद पुढं ठेवून सांगता येतं, इथं होतं, आता नाही. आपल्याकडं बहुतेक टेकड्यांची तेवढी जुनी नोंदच नाही. जे कधी लिहिलंच नाही ते गेलं हे कसं कळणार? आपली जुनी नोंदवही म्हणजे शेरडं राखलेल्या बाया आणि मेंढरं घेऊन फिरलेले धनगर. ती वही आता मिटत चाललीय. माझ्याबरोबर डोंगरात जाणाऱ्या मैत्रिणींतल्या किती उरल्या, ते तुला माहीत आहे.

खरपुडी गेली कशानं, यावर लोक चटकन बोलतात, ‘पोरांनी उकरून खाल्ली.’ मला ते पटत नाही. पोरं पिढ्यान्‌पिढ्या खात होती, सायाळ आणि रानडुक्कर त्याच्याही आधीपासून खात होते, आणि तरी ती होती. शेळीनं शेंडा खुडला तरी ती मरत नाही, कंद जिवंत असतो, पुढच्या पावसात परत फुटतो. वणवा वरून जातो, कंद खाली राहतो. वरून काहीही होवो, ही वेल सोसते. खालची जमीनच उचलली की मात्र तिचा इलाज चालत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या डोंगरांचं तेच झालंय. मुरुमासाठी जेसीबीनं टेकडीचे लचके तोडले. खडी क्रशर आले. रस्ते रुंद झाले, पवनचक्क्यांपर्यंत नवे रस्ते खोदले गेले. शेतीला जमीन हवी म्हणून पायथ्याच्या जाळ्या उपटून सपाटीकरण झालं. ज्याला आम्ही ‘जाळी’ म्हणायचो, साबर, हेंकळ, बोर आणि तरवड एकमेकांत गुंतून झालेली, तिला कुणी मालकच नव्हता, म्हणून तिच्यासाठी कुणी भांडलंही नाही.

दुसरं कारण हळूहळू आलं. घाणेरी आली, वेडी बाभूळ आली. गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि तिथून सगळीकडं गेलं, आपल्याकडं ज्याला काँग्रेस म्हणतात ते. ज्या सांदीत खरपुडीचं बी रुजायचं, तिथं आता यांचं रान. वरून बघणाऱ्याला हिरवं दिसतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही.

आता तुझ्या ओसाड टेकडीकडं येते. रागावू नकोस, ऐकून घे.

झाडं लावण्यावर माझं प्रेम आहे, तुला ठाऊक आहे. बीड म्हणजे राज्यातल्या अगदी कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईचं काम सुरू झालं, 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि वडाच्या झाडाला अध्यक्ष केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आपल्या मुलखात कुणी वड-पिंपळाला असा मान दिला, ही थोडी गोष्ट नाही. पण झाड नसलेली प्रत्येक जागा रिकामी असते असं नाही. माळ हा मोडलेल्या जंगलाचा तुकडा नव्हे. पवना, मारवेल, कुसळी यांचं गवत, मधे दूरदूर हिवर-बोर, आणि काटेरी जाळ्या, हे एक पूर्ण घर आहे. लांडगा, खोकड, चंडोल, तितर या घरात राहतात. माळढोक याच घरातला. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगरच्या माळांवर 1979 साली अभयारण्य केलं आणि तरीही तो हातचा निसटत गेला. आपल्या तालुक्यात नायगावला मोरांसाठी 1994 ला अभयारण्य झालं. मोरांसाठी राखलं, पण त्या निमित्तानं त्या डोंगरातल्या झुडपांनाही कुंपण मिळालं, हे मी नेहमी सगळ्यांना सांगते.

माळाला सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणतात आणि मग त्यावर काहीही करायला मोकळीक मिळते. ओळीनं चर खोदायचे, गिरिपुष्प लावायचं, कारण ते पटकन वाढतं. दोन वर्षांत टेकडी हिरवी दिसते, फोटो चांगला येतो. पण चर खोदताना काय उपटलं गेलं ते कुणी बघितलेलं नसतं. दाट सावली झाली की उन्हातलं गवत जातं. ज्या जाळीत खरपुडी चढायची, ती ‘झाडोरा साफ करून’ आधीच पेटवलेली असते. चांगल्या मनाच्या माणसांच्या हातून असं नुकसान झालेलं मला फार लागतं, कारण त्यांना थांबवायलाही कुणी जात नाही.

दुसऱ्या बाजूनं बघ, एक फूल डोंगर वाचवू शकतं. नाशिकजवळ अंजनेरीवर एक कंदीलपुष्प सापडलं. 2006 ला त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेही डोंगराच्याच नावावरून, सेरोपेजिया अंजनेरिका. लोकांनी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, गावातल्या मुलांना ते ओळखायला शिकवलं, आणि 2017 ला अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, 1984 ला, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले एम. वाय. अन्सारी यांनी भारतातल्या कंदीलपुष्पांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांचा ध्यास घेतला. डोंगर चढून नव्या जाती नोंदवल्या, दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या. ही सगळी आपल्यासारखीच माणसं, आपल्याच भाषेत बोलणारी. मग बीडच्या डोंगरांसाठी कुणी का नसावं?

अजून एक सांगते. पुण्याला मावशीच्या गॅलरीत कुंडीतून खाली लोंबणारी हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल तुला आवडली होती. ती दक्षिण आफ्रिकेतलं कंदीलपुष्प आहे, खरपुडीची चुलत बहीण. जगभर रोपवाटिकांत विकली जाते. परदेशातली बहीण कुंड्यांतून वाढते आणि आपली बालाघाटातून जाते, हे मला बघवत नाही.

म्हणून तुला काम सांगते. तुमच्या सरांना भेट आणि खड्डे घेण्याआधी टेकडी एकदा पायी फिरायला द्या असं माग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. तुमच्या सरांतले दोघे-तिघे माझे विद्यार्थी आहेत. साबराच्या आणि हेंकळाच्या जाळ्या तोडायच्या नाहीत, त्यांच्यापासून चांगलं अंतर सोडून खड्डे घ्यायचे, एवढं तरी ठरवून घ्या. झाडं लावायचीच तर हिवर, धावडा, खैर, बोर लावा, पायथ्याला, ओघळीच्या कडेनं. माथ्याचं गवत गवतच राहू द्या.

मग भाद्रपदात पुन्हा जा. वही घेऊन जा. वेल दिसली तर तारीख, गाव, कुठल्या झुडपावर चढलीय, जमीन मुरमाड की काळी, उतार कुठल्या दिशेचा, फुलं किती, शेंगा किती, जवळ दुसरी वेल आहे का, हे सगळं लिही. पानाचा आणि फुलाचा फोटो घे, फुलाचा बाजूनं. कंद उकरायचा नाही, ‘एकच बघते’ म्हणूनही नाही. आणि जागा कुठं जाहीर करायची नाही. असे कंद हुडकून विकणारे लोक असतात. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला तर आठवड्यात तिथं बघ्यांची गर्दी होईल, पायांखालीच जाईल ती. नोंद आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला पाठव, त्यांना जागा कळवली तर हरकत नाही.

नाही दिसली, तरी लिही. कुठं कुठं शोधली आणि दिसली नाही, हीसुद्धा नोंदच. पुढच्या कुणाला तरी आपल्यासारखं ‘काही लिहिलेलंच नाही’ असं म्हणावं लागणार नाही. आणि शोधण्याआधी म्हाताऱ्या माणसांना विचार. डोमरीकडं, सौताड्याकडं, आष्टीच्या बाजूला अजून धनगरवाड्यांवर माझ्या वयाच्या बाया आहेत. त्यांना ‘कंदीलपुष्प’ विचारशील तर कुणी सांगणार नाही. कच्चा खायचा कंद कुठं मिळायचा असं विचार, आणि बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. चहा दिला तर घे, घाई करू नकोस. इकडच्या-तिकडच्या गप्पांतूनच ठिकाणं निघतात.

मला गुडघ्यामुळं आता डोंगर चढवत नाही, पण सौताड्याच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून फार आत नाही, अशा दोन जाळ्या मला आठवतात. गणपतीच्या सुट्टीत आलीस तर गाडीनं तिथवर जाऊ. मी खाली सावलीला बसून दिशा सांगेन, तू वर जा. पायात घोट्यापर्यंतचे बूट घाल आणि हातात काठी ठेव. साबराच्या बुडाशी दगडांत फुरसं असतं, हात घालायच्या आधी काठीनं आवाज करायचा. तुझ्या मैत्रिणीला आणायचं असेल तर आण, दोघींची झोपायची सोय होते. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी करून ठेवते. कधी येतेस ते बाबांजवळ निरोप देऊन कळव.

तुझी,
आजी